अल्पपरिचय लिहिताना स्वतःलाच 'त्या' म्हणायचं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण यात मीही दरवेळी अडकते. ज्यांनी प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: ताई शाळेत मराठी शिकवायच्या, आता त्यांची कथा एका दिवाळी अंकात येतेय, संपादकांनी ५० शब्दांत अल्पपरिचय मागितलाय आणि सोबत नमुना पाठवलाय, "त्या सुप्रसिद्ध कथालेखिका असून बहुआयामी व्यक्तिमत्त्वाच्या धनी आहेत." आता हे स्वतःच स्वतःबद्दल लिहायचं तर 'त्या' लिहायचं का 'ती', आणि असल्या लिखाणाला आत्मपरिचय म्हणायचं का सरळ आत्मस्तुती, असं त्या विचारतायत.

आधी शब्दाचं बघू. आत्मपरिचय बरोबर आहे, बिनधास्त वापरा. आत्मस्तुती, आत्मप्रौढी, आत्मश्लाघा हे झाले पुस्तकी शब्द, पण आपण बोलताना काय म्हणतो बघा: स्वतःची टिमकी वाजवणं, स्वतःचेच ढोल बडवणं, टेंभा मिरवणं, आपलीच पाठ थोपटून घेणं. यातली बहुतेक कामं खरं तर दुसऱ्याने करायची असतात. मिरवणुकीत ज्याची मिरवणूक तो काही ढोल वाजवत नाही, टेंभा म्हणजे मशाल, तीही दुसरंच कोणीतरी धरून पुढे चालतं, आणि पाठ तर दुसऱ्यानेच थोपटायची. परिचयाचंही तसंच आहे, आपण म्हणतो 'परिचय करून दिला', म्हणजे व्यासपीठावर एक जण उभा राहून दुसऱ्याचा करून देतो. त्यामुळे संपादक जेव्हा तुमच्याकडूनच तो लिहून मागतात तेव्हा ते दुसऱ्याचं काम तुमच्यावर येतं, आणि तुम्हाला जे अवघडल्यासारखं होतंय ना ते त्यातून येतंय असं मला मनापासून वाटतं. रामदासांनी तर दासबोधात मूर्खलक्षणं सांगताना (दशक २, समास १) 'आपली आपण करी स्तुती' हे एक लक्षणच देऊन ठेवलंय, शाळेत हे पाठ केलेल्या माणसाचा हात 'सुप्रसिद्ध' लिहिताना थबकणारच.

पण मराठीत याहून मोठी अडचण आहे ती आदरार्थी बहुवचनाची, आणि तुमचा प्रश्न इथेच अगदी नेमका आहे. तृतीयपुरुषात लिहायचं तर 'ती पुण्यात राहते' असं छापलेलं बरं दिसत नाही, 'त्या पुण्यात राहतात' लिहिलं की आपणच आपल्याला अहोजाहो केल्यासारखं होतं. म्हणजे एकही विशेषण न लावता नुसत्या क्रियापदातूनच मोठेपणा येतो! इंग्रजीत बायो लिहिताना ही भानगड नाही, तिथे तृतीयपुरुषी सर्वनाम थोरामोठ्यांना आणि लहानांना एकच, त्यामुळे तिकडचा साचा जसाच्या तसा इकडे आणला की तो टोचतो.

आपल्याकडे स्वतःला तृतीयपुरुषात ठेवायची पद्धत जुनीच आहे हं, पण ती एकेरीत. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे, बहिणी म्हणे. आपण आदराने तुकोबा म्हणतो, ते स्वतः 'तुका' म्हणतात. त्यांचा आत्मचरित्रपर अभंग आहे ना, त्यात सुरुवातीलाच ते म्हणतात 'नये बोलों परि पाळिलें वचन', म्हणजे खरं तर हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून तुमचा शब्द पाळतोय. मला तर हा मराठीतला सगळ्यात सुंदर आत्मपरिचय वाटतो. संशोधनपर लेखांमधलं 'प्रस्तुत लेखिकेच्या मते' हेही त्याच जातीचं, एकेरी आणि शांत, फक्त दिवाळी अंकात ते जरा जड होईल.

मग करायचं काय? माझं मत, कर्ताच गाळा. मराठीचं व्याकरण इथे आपल्या बाजूने आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद असलं की बहुतेक वेळा कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, 'मी कथा लिहिल्या', 'त्यांनी कथा लिहिल्या', 'तिने कथा लिहिल्या', क्रियापद तेच. त्यामुळे नुसतं 'कथा लिहिल्या' म्हटलं की मी, ती, त्या, सगळेच बाजूला होतात आणि वाक्यात काम तेवढं राहतं. अकर्मक क्रियापदं आणि वर्तमानकाळ टाळा, 'त्या राहतात' ऐवजी 'वास्तव्य पुण्यात', 'जन्मल्या' ऐवजी 'जन्म वाईचा'. एक सांभाळा, 'शिकणे' सकर्मक असूनही कर्तरीच चालतं (त्या संस्कृत शिकल्या), तिथे 'संस्कृतचं शिक्षण घेतलं' असं लिहा म्हणजे सुटाल. किंवा सरळ 'मी' लिहा, संपादकांना चालत असेल तर तेच सगळ्यात प्रामाणिक वाटतं मला.

'सुप्रसिद्ध' मात्र काढाच. प्रसिद्ध या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक छापून आलेलं आणि एक नावाजलेलं. 'कथा प्रसिद्ध झाल्या' ही माहिती आहे, ती तुम्हीच द्यायची. 'प्रसिद्ध कथालेखिका' हा निवाडा झाला, तो वाचकाने द्यायचा. सिद्धहस्त, व्यासंगी, अष्टपैलू यांचंही तेच. आणि 'बहुआयामी व्यक्तिमत्त्वाच्या धनी' ही तर हिंदीतून उचललेली रचना, मराठीत ती कानाला अजूनही परकी लागते.

तुम्ही प्रश्नात जी माहिती दिलीत त्यावरून असं काहीतरी होईल बघा:

"जन्म वाईचा, वास्तव्य पुण्यात. २२ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर कथालेखनाला सुरुवात केली, आतापर्यंत ९ कथा प्रसिद्ध. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याची आवड."

यातलं शेवटचं वाक्य अजिबात काढू नका, वाचक तुम्हाला त्यावरूनच लक्षात ठेवतील. आणि कविताही लिहिता म्हणालात, त्याचा उल्लेख करणार असाल तर छापायला जाण्याआधी प्रूफ मागून घ्या आणि शब्द 'कवयित्री' असाच आहे ना ते बघा, 'कवियत्री' फार ठिकाणी छापलं जातं.