खापरावरचा पहिला मांडा

ताई, गटात नवीन आहेस म्हणून सांगते. आपलं काही छान जमलं तर 'एवढंसं काय सांगायचं' म्हणून गप्प बसू नको. परवा पुरणाचा मांडा कोपरापर्यंत लांबवलास, न फाटता चुलीवरच्या उलट्या मातीच्या खापरावर टाकलास, आणि सांगितलंस कधी? चप्पल घालताना! माझे पहिले तीन चुलीतच गेले होते, बाई.

सांगायचं तर नीट सांग: पीठ किती वेळ तिंबलं, हात कसा भाजला. मग बाकीच्याही बोलतात. फक्त 'तुमचा नाही जमला का?' हे नको. आणि जिचा कापूस पावसात भिजलाय, तिच्यापुढे त्या दिवशी नव्या ट्रॅक्टरचे पेढे काढू नको. मी काढले होते; अजून आठवतं.

रविवारी पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळल्या काड्यांवर, वांगी भाजणार आहेस ना? भरताचा डबा आण. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी माझ्याकडे.