दुकानात सगळे माझ्याकडेच बघतात

"दुकानात शिरलं की सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटतं. काय बोलायचं ते घरून ठरवून जातो, तरी काउंटरपाशी जीभ अडखळते. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे जायचं का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि त्यातलं शेवटचं वाक्य बोलताना विचारणारा हमखास ओशाळतो. या ओशाळण्यापायी माणसं वर्षानुवर्षं मदत मागत नाहीत, म्हणून एका तरुणाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्याची परवानगी आहे.

पहिल्या भेटीत तो त्रासाबद्दल बोललाच नाही. त्याने दोन कागद माझ्यापुढे सरकवले. "विनोदी कथा लिहिलीय, मॅडम. वाचा, म्हणजे मला वेगळं सांगावं लागणार नाही."

कथेचा नायक बल्ब आणायला निघतो. रांग ओसरेपर्यंत दुकानात घिरट्या घालतो. ओळखीचं कुणी दिसताच बादल्यांच्या आड दडतो. "काही मदत हवी का?" या प्रश्नाला घाईघाईत "तुम्हालाही!" असं उत्तर देतो. आट्यांचा बल्ब हवा असताना पिनचा उचललाय हे त्याला काउंटरवरच कळतं, पण आता परत फिरलो तर लोक काय म्हणतील, म्हणून तो मुकाट पैसे देतो. घरी एक अख्खा खण अशाच बल्बांनी भरलेला असतो. घरात मात्र अंधार.

कथा खरंच चांगली होती. त्या खणापाशी मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. पण वाचता वाचता मला एक गोष्ट खटकली. नायकाचे हात कुठे होते, आवाज कुठे चिरकला, घाम कुठून ओघळला, सगळं बारकाईने लिहिलेलं. बाकी कुणाला चेहराच नव्हता. रांगेतली माणसं म्हणजे नुसते डोळे.

मी विचारलं, "परवा गेलात तेव्हा काउंटरवर कोण होतं?" त्याला आठवेना. बाई होती की पुरुष, तेही सांगता येईना.

या त्रासाचं, म्हणजे सामाजिक भीतीचं, मूळ नेमकं इथे आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये त्याची जी मांडणी केली, ती आजही माझ्या रोजच्या कामात उपयोगी पडते. चारचौघांत भीती वाटू लागली की लक्ष आत वळतं. छाती धडधडतेय म्हणजे ती सगळ्यांना दिसत असणार, असं माणूस धरून चालतो. समोरच्याकडे तो बघतच नाही, त्यामुळे हा समज खोटा ठरायला वावच उरत नाही. त्यात बचावाच्या युक्त्या असतात: कानात हेडफोन, सुटे पैसे आधीच मुठीत, वाक्यं पाठ. प्रसंग निभावतो, पण श्रेय युक्तीला जातं आणि भीती तशीच राहते. त्याचा विनोदही मला अशीच एक युक्ती वाटला. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

मग त्याला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेला हा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. घालायची लाज वाटेल अशा गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट विद्यार्थ्यांना घालायला लावून इतर बसलेल्या खोलीत पाठवलं. शर्टावर कोण आहे हे निम्म्या जणांना कळलं असेल, असा शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांना सांगता आलं. "म्हणजे पाव लोकांना दिसलंच की!" तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. कुणी बघतच नाही, असं मी कधीच कुणाला सांगत नाही. कुणाच्या तरी लक्षात येतं. प्रश्न एवढाच असतो, की त्यानंतर काय होतं.

कामाला सुरुवात तिथून केली. त्याच दुकानात जायचं, हेडफोन घरी ठेवायचे आणि परत आल्यावर मला इतरांबद्दल सांगायचं. पुढच्या भेटीत त्याने सांगितलं, की काउंटरवरच्या बाईंच्या अंगठ्याला पट्टी होती. पुढच्या गृहस्थांचा पैसे मोजताना गोंधळ झाला, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. "आणि मॅडम, मला त्याचं काहीच वाटलं नाही." हे वाक्य माझ्या कुठल्याही समजावणीपेक्षा मोलाचं होतं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं.

मी त्याला मनोविकारतज्ज्ञ लीबोवित्झ यांची 1987 ची प्रश्नावलीही दाखवली. सामाजिक भीती मोजायला ती जगभर वापरतात. तिच्यात 24 प्रसंग आहेत. घेतलेली वस्तू परत करणं हा त्यातला एक, आग्रही विक्रेत्याला नकार देणं हा दुसरा. "हे छापलेलं आहे?" त्याने विचारलं. आपल्या एकट्याचंच काहीतरी बिघडलंय, असं तो इतकी वर्षं समजत होता.

नंतर चुकीचा बल्ब परत करायला जायचं ठरलं. काय होईल ते आधी कागदावर लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, "ओरडतील, मागचे हसतील, मला बोलता येणार नाही." दुकानदाराने बल्ब घेतला नाही. खोकं उघडलेलं आहे, एवढंच म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तरुण हिरमुसून आला, पण कागदावरचं एकही भाकीत खरं ठरलं नव्हतं. बल्ब परत झाला असता, तर हे इतकं स्वच्छ दिसलं असतं की नाही, शंका आहे.

गर्दीच्या वेळी तो अजूनही जात नाही. कमी बोलतो, अडखळतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. संकोची असणं हा आजार नव्हे. पण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ही भीती टिकून असेल, तिच्यापायी शिक्षण, नोकरी, साधी कामं टळत असतील, घरी आल्यावर तासन्‌तास तोच प्रसंग मनात घोळत असेल, किंवा बाहेर पडण्याआधी दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर मदत घ्याच. वर्तन आणि विचारांवर काम करणाऱ्या उपचारांचा यात चांगला उपयोग होतो. काहींना औषधंही लागतात, ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतात.

एका भेटीला त्याची बहीण आली होती. लहानपणापासून दुकानात त्याच्या वतीने तीच बोलायची. "आता मी त्याच्याबरोबर जाऊ की नको?" तिने विचारलं. मी म्हटलं, जरूर जा. फक्त वस्तू त्यालाच मागू द्या आणि पैसेही त्यालाच देऊ द्या. तो अडखळला तर वाक्य तुम्ही पुरं करू नका. दुकानदाराने तुमच्याकडे बघून विचारलं, तर तुम्ही भावाकडे बघा. घरी आल्यावर "नीट बोललास ना?" असं मात्र विचारू नका. काय आणलं, ते विचारा.