कीर्तनाचं शूट, दोन मोबाइल आणि फ्रेम रेट, कोडेक, प्रॉक्सी वगैरे मंडळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवळाच्या सभामंडपात नारदीय कीर्तन दोन मोबाइलवर शूट केलं, एक ३० फ्रेमवर आणि एक ६० वर. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. आता चित्रात आडव्या पट्ट्या सरकतायत, उत्तररंगापर्यंत बुवांचे ओठ आणि आवाज यांची फारकत झालीय, लॅपटॉप अडखळतोय, आणि सुरुवातीची नावं हलती करायची आहेत. शिवाय ट्युटोरियलवाले जे शब्द फेकतात त्यांचे अर्थ हवेत. ते तुमच्या अडचणींच्या क्रमानेच सांगतो. पहिल्या तिन्ही अडचणी फ्रेमशीच येऊन थांबतात: ती किती वेळ उघडी होती, कधी घेतली आणि साठवली कशी.

आधी पट्ट्या. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं. सिनेमा २४, आपल्याकडचं टीव्ही प्रसारण २५, मोबाइल बहुधा ३० किंवा ६०. शटर स्पीड निराळा: प्रत्येक चित्र किती वेळ उजेड घेतं, तो. या दोहोंची गल्लत फार होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/१०० सेकंद असेल तर फ्रेममध्ये बरोबर एक चढउतार मावतो, १/५० असेल तर दोन. १/६० ला एक पूर्ण आणि एक अर्धवट मावतो, आणि घोटाळा तिथेच होतो. त्यातून मोबाइलचा सेन्सर सगळं चित्र एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. याला रोलिंग शटर म्हणतात. काही ओळींच्या वाट्याला उजेड जास्त येतो, काहींच्या कमी. त्या तुमच्या पट्ट्या.

पुढच्या वेळी मॅन्युअल मोडवाल्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ला बांधून ठेवा. फ्रेम रेट २५ असो की ३०, चालेल. स्वस्त एलईडी दिवे मात्र या हिशेबात बसतीलच असं नाही, तिथे आधी दोन मिनिटं शूट करून बघायचं. झालेल्या फुटेजवर डीफ्लिकर नावाचा फिल्टर लावता येतो. पट्ट्या फिकट होतील, पुसल्या जातीलच याची खात्री देत नाही.

आता आवाज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक रेकॉर्डरला दोष देतात आणि चोर भलताच असतो. मोबाइल ३० फ्रेम म्हणतो खरा, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की मधेच २८, मधेच २९ अशा फ्रेम घेतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर दर सेकंदाला ठरावीक फ्रेम आहेत असं धरून चालतं, त्यामुळे चूक साठत जाते. पूर्वरंगात सगळं ठीक वाटतं आणि आख्यान रंगात येईपर्यंत ओठ मागे पडलेले असतात. इलाज असा: एडिटिंगला बसण्याआधीच दोन्ही मोबाइलच्या फाइली हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या.

दुसरा संशयित २९.९७. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची म्हणून तिकडे टीव्ही ३० फ्रेमचा. १९५३ मध्ये रंगीत प्रसारणाचं मानक ठरलं तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबुड करू नये म्हणून वेग किंचित कमी करून २९.९७ केला, आणि ते अपूर्णांकी लोढणं आजही सॉफ्टवेअरच्या यादीत आहे. फरक हजारात एक. पण ३० चं फुटेज सॉफ्टवेअरने २९.९७ समजून चालवलं तर तासाला ३.६ सेकंद घसरतात. तुमची टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा ओळीने मांडायची पट्टी, ३० ची ठेवा. ६० वाल्या मोबाइलची एकाआड एक फ्रेम गळेल, काही बिघडत नाही. २५ ची टाइमलाइन केलीत तर मात्र ३० मधल्या पाच फ्रेम दर सेकंदाला टाकाव्या लागतात आणि हालचाल झटके देते.

आवाज जुळवायला, म्हणजे सिंक करायला, क्लॅप मारला नव्हता म्हणून हळहळू नका. टाळ आहेत ना! टाळावर टाळ आदळतानाची फ्रेम शोधा, रेकॉर्डरच्या वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) तिथे टोकदार उभी रेघ दिसेल, दोन्ही एका रेषेत आणा. शेवटच्या गजराजवळ पुन्हा तपासा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळत नसतात, तेव्हा दोनचार फ्रेमचा फरक उरला तर जिथे कट आहे तिथे चित्र सरकवून घ्या. रेकॉर्डरचा आवाज कापू नका, तो पाया आहे.

लॅपटॉप अडखळतो त्याचं कारण कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची आणि बघताना पुन्हा उलगडायची पद्धत. ४के ची एक फ्रेम ३८४० गुणिले २१६० पिक्सेलची. काहीही न दाबता ठेवली तर साधारण २५ एमबी, म्हणजे ३० फ्रेमला सेकंदाला ७४६ एमबी. मोबाइल तेच सेकंदाला सहा-सात एमबीत बसवतो, कारण एच.२६४ किंवा एच.२६५ हे कोडेक अधूनमधूनच पूर्ण चित्र ठेवतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहितात. नुसतं बघायला हे उत्तम. पण तुम्ही टाइमलाइनवर मधेच बोट ठेवलंत की संगणकाला मागचं पूर्ण चित्र गाठून तिथून पुढे गणित करत यावं लागतं. एमपी४ किंवा एमओव्ही हा नुसता डबा, त्याला कंटेनर म्हणतात. आत कुठला कोडेक आहे ते डब्यावरून कळत नाही. ‘एमपी४ आहे तरी का चालत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर एवढंच.

उपाय प्रॉक्सी. सॉफ्टवेअरला सांगून प्रत्येक क्लिपची कमी रेझोल्यूशनची नक्कल करायची, तीही प्रोरेझ प्रॉक्सीसारख्या कोडेकमध्ये, ज्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. एडिटिंग नकलेवर करायचं, एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइली उचलतं. प्रॉक्सी डिस्कवर जागा खातात, तेवढी आधी मोकळी करा. आणि नवा लॅपटॉप घेण्याचा विचार त्यानंतर.

कटांबद्दल थोडं. बुवांचा एक शॉट मधून कापून जोडलात तर चित्र टुणकन उडी मारतं, तो जंप कट. तो झाकायला पेटीवाले, तबलजी किंवा मान डोलावणारे श्रोते दाखवा, हे कटअवे. चित्र बदलण्याआधी पुढचा आवाज आत आला तर जे-कट, चित्र बदलल्यावरही मागचा आवाज रेंगाळला तर एल-कट. कीर्तनात एल-कट अगदी सोयीचा: बुवांचा अभंग चालू आणि चित्र श्रोत्यांवर. फुलं उधळणाऱ्या, पान उलटणाऱ्या ट्रान्झिशन कृपया नकोत. मध्यंतराला एक फेड पुरे.

हलती नावं म्हणजे साधं अ‍ॅनिमेशन. नाव कुठून निघालं तिथे एक कीफ्रेम, कुठे थांबलं तिथे दुसरी. मधल्या जागा संगणक भरतो. हाताने चित्रं काढण्याच्या काळात मुख्य पोझ अनुभवी चित्रकार काढायचा आणि मधली चित्रं त्याचे सहायक, इनबिट्वीनर. तेही बहुतेकदा २४ फ्रेमला बाराच चित्रं काढत, प्रत्येक चित्र दोन फ्रेम. त्याच्याही आधी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी करत टिपली होती. आज त्याला टाइमलॅप्स म्हणतात. तुमच्या नावांसाठी एकच सांगतो: कीफ्रेमवर ईझ लावा. नाव सावकाश निघतं, सावकाश थांबतं. ईझ नसेल तर सगळं एकाच वेगाने सरकतं आणि एसटी स्टँडवरच्या पाटीसारखं दिसतं.

लॉग, लट, १०-बिट हे रंगकामातले शब्द सध्या बाजूला ठेवा, तुमच्या फुटेजला ते लागणार नाहीत. एक्सपोर्ट एच.२६४ मध्ये, ३० फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. फाइल कुणाला पाठवण्याआधी शेवटची दहा मिनिटं हेडफोन लावून बघा.

डीफ्लिकरचं नीट सांगायला पट्ट्यांचा पाच-दहा सेकंदांचा मूळ तुकडा लागेल, व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला नको. सॉफ्टवेअर कुठलं वापरताय तेही लिहा.