पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रती छापाव्यात का?

तुम्ही नोकरी सांभाळून छोटी प्रकाशनसंस्था काढताय, पहिली कादंबरी मांडणी होऊन 154 पानांची झाली आहे आणि 500 ऐवजी 1,000 प्रती काढल्या तर प्रत बरीच स्वस्त पडेल, असं मुद्रक म्हणतोय. माझं ऐकाल तर हजार छापू नका.

मुद्रक सांगतो ते खरंच आहे. ऑफसेटमध्ये, म्हणजे पानांच्या प्लेट्स बनवून केलेल्या छपाईत, प्लेट्सचा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो, मग प्रती 300 काढा नाहीतर 3,000. प्रती वाढल्या की तो खर्च वाटला जातो. पण हा हिशोब छापलेल्या प्रतींचा झाला. आपलं घर चालतं ते विकलेल्या प्रतींवर.

छापील किंमत 100 धरा. वितरक आणि विक्रेता मिळून 45 घेतात असं समजू. हा आकडा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्याच्याही वर जातो. लेखकाचं मानधन 10. तुमच्याकडे उरले 45. आता 500 छापल्या तर प्रत 30 ला पडली आणि 1,000 छापल्या तर 22 ला, असं धरू. वर्षभरात 350 प्रती खपल्या. दोन्हीकडे हाती आले 15,750. पहिल्या हिशोबात छपाईचे 15,000 सुटले. दुसऱ्यात छपाईला 22,000 गेले, म्हणजे 6,250 ची खोट, आणि वर 650 प्रतींचे गठ्ठे घरात. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च तर मी अजून धरलेलाच नाही.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. मी प्रकाशित केलेल्या दुसऱ्या पुस्तकाच्या 700 प्रती छापल्या होत्या. दोन महिन्यांत एका वितरकानं 600 उचलल्या. मला वाटलं, पुस्तक चाललं. लगेच 500 चं पुनर्मुद्रण करून टाकलं. आठव्या महिन्यात 340 प्रती परत आल्या, कित्येकांचे कोपरे दुमडलेले. परतीच्या बोलीवर माल देण्याची पद्धत या धंद्यात सगळीकडे रुळलेली आहे, त्यामुळे त्याला दोष देता येत नव्हता. पुनर्मुद्रणाचं बिल मात्र मी कधीच भरून बसलो होतो, आणि तिसऱ्या पुस्तकाच्या लेखिकेला वर्षभर थांबवावं लागलं. त्याची खंत अजून आहे. तेव्हापासून वहीत दोन रकाने ठेवतो: दुकानात गेलेल्या प्रती आणि पैसे आलेल्या प्रती. पुनर्मुद्रणाचा निर्णय फक्त दुसऱ्या रकान्यावर.

मग करावं काय? पहिल्या 150 प्रती डिजिटल छपाईवर, म्हणजे प्लेट्स न बनवता थेट फाइलवरून, काढा. प्रत महाग पडेल, म्हणून त्या वितरकाला देऊ नका, थेट वाचकाला विका. थेट विक्रीत 45 च्या जागी 90 च्या आसपास हाती राहतात, त्यातून टपालखर्च तेवढा वजा करायचा. शिवाय पुस्तक कोण घेतंय, त्याला काय आवडलं हे तुम्हाला कळतं, जे वितरकाच्या यादीतून कधीच कळत नाही. मागणी टिकली तर ऑफसेटला जा.

आयएसबीएनबद्दल, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाबद्दल, थोडक्यात: पुठ्ठा बांधणी, पेपरबॅक आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. मजकूर तोच ठेवून पुनर्मुद्रण केलं तर जुनाच क्रमांक चालतो. सुधारित आवृत्तीला नवा घ्यावा.

मुद्रितशोधनात मात्र काटकसर करू नका. निदान तीन वाचनं, त्यातलं शेवटचं अशा माणसाकडून ज्यानं हा मजकूर आधी पाहिलेलाच नाही. लेखक आणि संपादक यांना चुका दिसेनाशा होतात.

आणि ते 154 पानांचं. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रम अशी प्राथमिक पानं सहज आठ होतात. बेरीज 162. फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेला पानांचा संच, 16 पानांचा असेल तर दहा फर्म्यांत 160 बसतात आणि उरलेल्या दोन पानांसाठी अकराव्या फर्म्याचा खर्च येतो. छापायला देण्याआधी प्रकरणांचे शेवट तपासा. चार ओळींसाठी नवं पान लागलेलं एखादं प्रकरण निघतंच. लेखकाच्या संमतीनं तिथला एखादा परिच्छेद आवरता आला तर ते पान वाचतं. अशी दोन पानं मिळाली की कादंबरी 160 मध्ये बसली.