थंडीत आयडलला बंद पडणारी गाडी

गाडी फक्त गार असतानाच बंद पडते की तापल्यावरही, हे आधी नक्की करा. फक्त गार असताना पडत असेल तर फ्युएल पंप, इंजेक्टर असल्या खर्चिक गोष्टींना एवढ्यात हात लावू नका. बरेच गॅरेजवाले सुरुवात तिथूनच करतात.

गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, आयडलही (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वर लागतो. धडधाकट इंजेक्शनची गाडी सकाळी साधारण 1200 आरपीएमला सुरू होते आणि तापल्यावर 700-800 वर उतरते. तुमची सुरुवातीलाच 600 वर थरथरत असेल तर थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाच्या, झडपेच्या कडेला काजळी धरली आहे का बघा. साफ करताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका.

मग इंजिनाच्या कूलंटचं तापमान मोजणारा कूलंट टेम्परेचर सेन्सर. माझा पहिला संशय यावरच असतो. रात्रभर उभ्या गाडीला, सेल मारण्याआधी, सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावा. निफाडच्या थंडीत बाहेर 8 अंश आणि स्कॅनरवर 50 दिसत असेल तर सेन्सर थापा मारतोय. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिन कोमट समजून पेट्रोल कमी सोडतो. चेक इंजिनचा दिवा लागेलच असं नाही, कारण 50 हा आकडा ईसीयूला अशक्य वाटत नाही.

आयडलला सूं सूं आवाज येत असेल तर कडक झालेले व्हॅक्यूम पाइप तपासा.

सीएनजीवाल्यांनो, बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात. टाकीच्या तळाशी महिनोन्महिने पडलेलं पेट्रोल बदला, मग पुढचं बोलू.