वाचक विचारतात : ज्वालामुखीच्या दगडात गार्नेट कुठून आला?

प्रश्न : इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्टला बॉरोडेलच्या बाजूने ट्रेक करत होतो, तिथे करड्या-हिरवट खडकात मिरीएवढे काळपट लाल दाणे दिसले. सोबतचा म्हणाला की हे गार्नेट नावाचं खनिज. पण आम्हाला तर शिकवलं होतं की गार्नेट रूपांतरित खडकात, म्हणजे दाबाने-उष्णतेने बदललेल्या दगडात असतो, शिस्टमध्ये वगैरे, आणि हा सगळा डोंगर ज्वालामुखीचा म्हणतात. मग हे दाणे नंतरच्या दाबाने-उष्णतेने तयार झाले का?

उत्तर : सोबतचा बरोबर आहे. आणि शिकवलेलंही चूक नाही, फक्त अर्धवट आहे. गार्नेट बहुतेक वेळा रूपांतरित खडकातच सापडतो म्हणून तेवढंच लक्षात राहतं, पण मॅग्मामध्येही, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातही, तो वाढू शकतो, दोन अटी पाळल्या तर. एक म्हणजे मॅग्मात ॲल्युमिनियम जास्त पाहिजे, आणि दुसरी, जी खरी महत्त्वाची, ती म्हणजे दाब.

आधी जागा समजून घ्या. या खडकांना बॉरोडेल व्होल्कॅनिक ग्रुप म्हणतात, वय साधारण ४५ कोटी वर्षं, ऑर्डोव्हिशियन काळ. तेव्हा तिथे आयापेटस नावाचा महासागर होता, त्याचा तळ अव्हलोनिया नावाच्या छोट्या खंडाखाली घुसत होता आणि वर ज्वालामुखी पेटलेले. अँडेसाइट, डेसाइट, ऱ्हायोलाइट असे लाव्हा आणि प्रचंड स्फोटांतून पसरलेल्या गरम राखेचे थर, ज्यांना इग्निम्ब्राइट म्हणतात. इंग्लंडमधलं सगळ्यात उंच शिखर स्काफेल पाइक (९७८ मीटर) याच खडकांचं आहे, म्हणजे तुम्ही चाललात ते मोडक्या जुन्या ज्वालामुखीच्या आत.

आता तुमचा मुद्दा, नंतर तयार झाले का. नाही. हे खडक पुढे साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी दाबले-घडी पडले हे खरं, हिरवट रंग येतो तो त्यातल्या क्लोराइट-एपिडोट या हिरव्या खनिजांमुळे, पण ते रूपांतर अगदी हलक्या दर्जाचं होतं, तेवढ्या तापमानाला असा गार्नेट वाढत नाही. शिवाय गार्नेट इग्निम्ब्राइटमध्येही मिळतो, आणि तिथे स्फटिक मोडलेला दिसला तर स्फोटाच्या आधीच तो मॅग्मात होता हे सरळच आहे ना, फुटायला आधी असावा लागतो. भूशास्त्रज्ञ गॉडफ्री फिटन यांनी १९७२ साली या गार्नेटवर लिहिलं तेव्हा त्यांना मॅग्मातच वाढलेले स्फटिक मानलं, अलमांडाइन-पायरोप जातीचे, म्हणजे लोह आणि मॅग्नेशियमवाले.

आणि इथेच गोष्ट मजेदार होते. अशा मॅग्मात या जातीचा गार्नेट वाढायला साधारण ७ किलोबार (हवेच्या दाबाच्या सात हजार पट) किंवा त्याहून जास्त दाब लागतो, म्हणजे २५ किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली. ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन आणि रिंगवुड यांनी १९६८ मध्येच प्रयोगशाळेत वितळलेल्या मिश्रणावर दाब देऊन हे दाखवलं होतं. थोडक्यात तो दाणा खोलीचा साक्षीदार आहे. पण मॅग्मा वर येत गेला की दाब कमी होतो, मग गार्नेटला तिथे राहवत नाही, तो कडेने वितळतो किंवा त्याच्याभोवती फेल्डस्पार, पायरॉक्सिन अशा दुसऱ्या खनिजांचं कवच बनतं. रेंगाळत वर आला तर उरतच नाही काही. म्हणून तुम्हाला दाणे दिसले याचा अर्थ मॅग्मा बऱ्यापैकी घाईत वर आला, आणि म्हणूनच जगात गार्नेटवाले लाव्हा कमी आहेत, असे मॅग्मा कमी बनतात म्हणून नव्हे. हंगेरीच्या बोर्झोन्य डोंगरात आहेत, पण ते खूप तरुण, मायोसीन काळातले, साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीचे.

माझ्या मते भिंगातून दाण्याभोवतीची कडा बघणं हे दाणा बघण्यापेक्षा जास्त मजेचं आहे. फिकट किंवा हिरवट कडा दिसली तर समजा प्रवासात त्रास झालाय त्याला.

प्रश्न : म्हणजे लाव्हात गार्नेट दिसला की तो खोलवरूनच आला असं धरायचं?

उत्तर : असं धरू नका. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या नॅथ्रॉपजवळ रूबी माउंटन आहे, तिथे ऱ्हायोलाइटच्या पोकळ्यांमध्ये पुष्कराजाबरोबर (टोपाझ) गार्नेट मिळतात, पण ते मँगनीजवाले, स्पेसार्टिन. मँगनीज भरपूर असलं की कमी दाबालाही गार्नेट टिकतो, तो वरच, लाव्हा थंड होताना वायूंमधून पोकळीत बसतो. स्पेनमध्ये अल्मेरियाजवळ एल होयाझोला अजून तिसराच प्रकार, डेसाइट आहे, पण गार्नेट आले पृथ्वीच्या खालच्या कवचाच्या अर्धवट वितळलेल्या तुकड्यांमधून, त्या तुकड्यांत सिलिमनाइट या रूपांतरित खडकातल्या खनिजाच्या सुयाही सापडतात. तर रासायनिक विश्लेषण केल्याशिवाय नुसत्या लाल रंगावरून काही ठरवू नये, आणि ठरवणारे लोक फार भेटतात.

प्रश्न : बॉरोडेलचे गार्नेट दागिन्यात बसवता येतील का? एखादा काढून आणला तर?

उत्तर : नाही येणार. लहान, तडे गेलेले, कडेने बदललेले, पैलू पाडायला काही शिल्लक नसतं. आणि काढूही नका, लेक डिस्ट्रिक्ट १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २०१७ पासून जागतिक वारसास्थळही, बऱ्याच उघड्या खडकांना वेगळं संरक्षण आहे, हातोडा बॅगेतच असू द्या. फोटो काढा, बाजूला नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि जागेचा नकाशावरचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर नंतर कुणी विचारलं तर सांगता येत नाही.