7 टाक्यांचं शिलाई मशीन घ्यावं की 60 टाक्यांचं?

तुम्ही विचारलंय की घरी वापरायला नवीन मशीन घ्यायचंय. दुकानदाराने एक 7 टाक्यांचं, एक 21 टाक्यांचं आणि एक 60 टाक्यांचं कॉम्प्युटरवालं दाखवलं, आणि जितके टाके जास्त तितका फायदा म्हणाला. काम म्हणजे ब्लाउज, मुलीचे फ्रॉक आणि साड्यांचं फॉल-पिको. त्यावर एका गृहस्थांनी लिहिलंय, ‘साधं काळं मशीन घ्या. सरळ टीप आली की सगळं आलं, बाकी खेळणी.’

हे वाक्य मी माहेरी इतक्या वेळा ऐकलंय की ते वाचून गप्प बसवेना.

तुमचं उत्तर आधी देऊन टाकते. टाके मोजू नका. 60 मधले बहुतेक टाके म्हणजे बदकं, पानं, वेली. पहिल्या आठवड्यात हौसेने रुमालावर काढाल आणि नंतर विसराल. शिवाय हा आकडा फुगवलेला असतो. सुई मधे ठेवून सरळ टीप हा एक टाका, डावीकडे ठेवून तीच टीप हा दुसरा, झिगझॅग रुंद केला की तिसरा. आणि ‘फंक्शन’ असं लिहिलं असेल तर चेन लावणं, बटण लावणं, गोधडी शिवणं हेसुद्धा त्यात मोजलेलं असतं. 7 टाक्यांचं पुरतं. फक्त काज नीट पडलं पाहिजे.

काजावर मी एवढी का अडून बसते, ते सांगते.

आम्ही शिंपी. कराडला वडिलांचं दुकान होतं, आता दादा चालवतो. शर्ट-पँट, झब्बे, शाळांचे गणवेश. दोन काळी पायमशीनं आणि एक जुकी कंपनीचं कारखानी मशीन. मी लग्न होऊन त्याच गावात, घरी ब्लाउज शिवते. 2012 मध्ये भिशी लागली तेव्हा मी पांढरं इलेक्ट्रिक झिगझॅग मशीन घेतलं. दादा बघायला आला, एका हाताने उचललं आणि म्हणाला, ‘सहा किलो? अगं, जीन्स घातलीस तर कापड जागेवर राहील आणि मशीन पुढे सरकेल.’ वहिनीसुद्धा हसली. त्याचं म्हणणं एकच, शिंप्याला सरळ टीप पुरते. काजं-बटणं बाहेर टाकायची, इंटरलॉक बाहेर टाकायचं, पिको बाहेर टाकायचं.

2016 चे गणपती. एका ढोलपथकाचे 34 पांढरे झब्बे दादाकडे होते. प्रत्येकाच्या पट्टीला तीन काजं, म्हणजे 102. सोमवारी चतुर्थी, रविवारी सकाळी माल द्यायचा, आणि शनिवारी दुपारी दादाच्या लक्षात आलं की काज-बटणवाल्याचं दुकान बंद आहे. तो चिपळूणकडचा. कोकणातला माणूस गणपतीला गावी जाणार हे दादाला दरवर्षी माहीत असतं आणि दरवर्षी नव्याने कळतं. गावात आणखी एक काजवाला होता, त्याच्याकडे गणवेशांचा ढीग पडलेला.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. दादाचा नाही, वहिनीचा. ‘तुझ्या मशीनवर काजं होतात ना गं?’

माझं मशीन चार पायऱ्यांच्या काजाचं. म्हणजे टाका निवडायची चकती फिरवून आधी वरची आडवी गाठ, मग एक बाजू, मग खालची गाठ, मग दुसरी बाजू. एका पायरीचं काज करणाऱ्या मशीनला बटणच फुटमध्ये, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायात, अडकवायचं असतं, तेवढ्याच मापाचं काज ते आपलं आपण पाडतं. माझ्यावर प्रत्येक काजाची लांबी खडूने आखायची आणि डोळ्याने थांबायचं. तोपर्यंत मी एका वेळी पाच-सहाच्या वर काजं केली नव्हती.

पट्टीचं कापड विरविरीत, आत कॅनव्हास नाही. काज आकसायला लागलं. खाली कागद घातला तर आकसत नाही हे माहीत होतं, म्हणून हाताशी होतं ते वर्तमानपत्र घातलं आणि पहिल्याच झब्ब्यावर शाईचा करडा डाग उमटला. पांढऱ्या झब्ब्यावर! तो धुवून इस्त्री करण्यात अर्धा तास गेला. मग मुलाच्या वहीचे कोरे कागद फाडले. ते बरोबर बसले, काज झालं की भोकाभोकावर टरकन फाटून निघायचे.

खरी भीती कापण्याची. काजवाल्याच्या मोठ्या मशीनला पातं असतं, ते टाके घालून भोकही पाडतं. घरच्या मशीनवर चीर आपण द्यायची, उसवायच्या काट्याने. पाचव्या की सहाव्या काजाला काटा सटकला आणि खालची गाठ कापून पुढे गेला. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा डोकं चाललं. गाठीच्या अलीकडे एक टाचणी आडवी खोचायची, काटा तिच्यावर अडतो. त्यानंतरची एकही गेली नाही. बिघडलेली दोन मी हाताने काज टाका घालून भरली. आज मला दाखवलीत तरी कुठली ती मला सांगता येणार नाहीत.

साठाव्या काजाच्या आसपास मोटरचा वास आला. हे लपवत नाही. घरगुती मोटर सलग कामासाठी नसते. वीस मिनिटं बंद ठेवलं, तेवढ्यात बाकीच्या पट्ट्या आखल्या. रात्री दीडला 102 वं काज झालं. बटणंही मशीनवरच लावली. कापड सरकवणारे दाते खाली पाडायचे, झिगझॅगची रुंदी बटणाच्या दोन भोकांइतकी ठेवायची, आधी चाक हाताने फिरवून सुई दोन्ही भोकांत उतरते का बघायचं आणि मग पायदान दाबायचं. आठ-दहा टाक्यांत बटण पक्कं.

रविवारी पथकाची मुलं आली तेव्हा मी दुकानातच होते, ओढणीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. त्यातला एक म्हणाला, ‘काजं मस्त झालीत काका.’ दादा म्हणाला, ‘हो, काजं आम्ही बाहेर टाकतो. चांगला कारागीर आहे.’

मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी.

दुपारी पाकीट दिलं. काजाला दोन रुपये दराने 200 रुपये. 204 व्हायला हवे होते. बिघडलेली दोन वजा केली होती.

असो. तर सरळ टीप आली की सगळं आलं म्हणणाऱ्यांना विचारा की त्यांची काजं कोण करतं.

आता तुमच्या कामापुरतं. सरळ टीप सगळ्याच मशीनवर असते, तिची लांबी किती बदलता येते ते बघा. ब्लाउजला साधारण अडीच मिलीमीटर, चुण्या घालायला किंवा कच्च्या टिपेला चार. झिगझॅगची रुंदी आणि लांबी दोन्ही आपल्या हातात हव्यात. काही स्वस्त मशीनवर टाका आणि त्याची रुंदी एकाच चकतीत बांधलेली असते. फ्रॉकच्या आतल्या कडांना झिगझॅगने इंटरलॉकसारखं करता येतं. इंटरलॉक मशीन तीन दोऱ्यांनी गुंफतं आणि पात्याने कडही साफ करत जातं, ते वेगळंच यंत्र. पण घरच्या फ्रॉकला दोरे सुटू नयेत एवढंच हवं असतं. इलॅस्टिक लावायला तुटक झिगझॅग बघा, ज्यात प्रत्येक तिरक्या रेघेत तीन बारीक टाके असतात. साधा झिगझॅग इलॅस्टिकला गोळा करतो.

पिको होतं. बारीक रुंदी, दाट टाका, नऊ किंवा अकरा नंबरची सुई, आणि सुईची उजवी उडी कापडाच्या कडेच्या जेमतेम बाहेर पडली पाहिजे. सुती साडीला छान होतं. जॉर्जेट मात्र सुरुवातीलाच सुईखालच्या पत्र्याच्या भोकात ओढलं जातं, तिथेही खाली कागदच. फॉल हातानेच लावा. दुकानदार ‘ब्लाइंड हेम’ दाखवून यात फॉलही लागतो म्हणेल. तो टाका पँट आणि स्कर्टच्या दुमडीचा आहे. भारी साडीवर त्याचे टोचे दिसतात.

बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, वरून टाकायची की समोरून, यावर लोक भांडतात. वरून टाकायची असेल तर पारदर्शक झाकणातून दोरा किती उरला ते दिसतं, एवढाच मला त्यातला फायदा. गोल बॉबिन आल्यावर आधीचं होडीसारखं लांब शटल मागे पडलं. जपानीत जानोमे म्हणजे सापाचा डोळा, ते नावही गोल बॉबिनवरूनच पडलंय. हे मला कळलं तेव्हापासून बॉबिन भरताना तो डोळाच दिसतो. मात्र एका मशीनची बॉबिन दुसऱ्यात घालू नका, जाडीत केसभर फरक असला तरी खडखडतं. आणि खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला शिव्या देतात, दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फुट खाली असताना दोरा ओवला की तो दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांमध्ये बसतच नाही. फुट वर उचलून पुन्हा ओवा.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. दादाचं एक खरं निघालं. त्याच मशीनवर मी पुढच्या हिवाळ्यात जुन्या लुगड्यांची गोधडी घातली, सात-आठ थर. आतलं प्लास्टिकचं चाक गेलं, दुरुस्तीला तीन आठवडे. तेव्हा जाड काम, गोधड्या, पिशव्या, जीन्स हेच तुमचं मुख्य असेल तर काळं मशीन घ्या आणि त्याला छोटी मोटर बसवून घ्या. आईचं किंवा सासूबाईंचं पायमशीन घरात पडून असेल तर नवीन घेताना ते मोडीत देऊ नका. वीज गेली तरी ते चालतं. आणि मुलगी स्वतः शिवायला बसणार असेल, तिला बदकं-वेलींची हौस असेल, तर 21 वालं घ्या, माझी ना नाही. 60 वालं तरीही नको.

दुकानात जाताना स्वतःची चिंधी न्या. त्यांनी ठेवलेल्या कडक कापडावर कुठलंही मशीन छान शिवतं. ब्लाउजच्या अस्तराचा तुकडा, जुन्या जॉर्जेटचा तुकडा आणि टी-शर्टच्या कापडाचा तुकडा. टी-शर्टवर टाके सुटले तर लगेच मशीनला नावं ठेवू नका, होजिअरीची गोल टोकाची सुई लावायला सांगा. आणि पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला तुमच्या अस्तरावर एक काज पाडून दाखवायला सांगा, दोन्ही बाजू सारख्या दाट आल्या पाहिजेत. पुस्तक उघडायला लागला तर दुसरं दुकान बघा.

दादालाही मी तेव्हापासून हेच म्हणतेय, ये, माझ्या मशीनवर बस, एक काज पाडून दाखव. अजून बसलेला नाही.